दंडावरची दोरी

बाबा, डाव्या दंडाला पट्टा बांधून खांदा कॉलनीतल्या घरात खिडकीशी बसले आहे आणि उजव्या हाताने तुला लिहिते आहे. अक्षर बघून हसू नकोस. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पोरांच्या अक्षराला नावं ठेवली आणि आता माझाच 'क' कुबड काढून उभा आहे. व्यायाम करून घेणारी फिजिओवाली मुलगी म्हणाली, रोज एक पान लिहा, काहीही लिहा. म्हटलं, मग तुलाच लिहावं. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, त्याला पन्नास वर्षं झाली. पण ती एकदम सांगवत नाही. आधी या पट्ट्याचं ऐक, तुला गंमत वाटेल.

गेल्या महिन्यात सकाळी ओट्याशी कोळंबी सोलत होते. उजव्या हातातून कोळंबी गळून पडली. उचलली, पुन्हा पडली. मी आपली सुनेला म्हणते, "काही नाही गं, हात झोपलाय, उतरेल." म्हटलं आणि चरकले, कारण ते वाक्य तुझं होतं. सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, जरा हसून दाखवा." मी म्हटलं, "सकाळी सकाळी हसायला काय झालंय?" तर कधी आवाज न चढवणारी ती पोर ओरडली, "हसा म्हणते ना!" मी हसले. तिने माझं तोंड बघितलं, गॅस बंद केला आणि थेट रिक्षा बोलावली. साडी बदलू दिली नाही, कोळंबीच्या वासासकट मला हॉस्पिटलात नेलं.

तिथे डोक्याचे फोटो काढले, गुठळी विरघळायचं औषध शिरेतून सोडलं. मग एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. मला आजी म्हणाला, तेही मी खपवून घेतलं. "आजी, एक नवा उपाय आहे, त्याचा अजून अभ्यास चालू आहे. दंडाला बीपीसारखा पट्टा बांधायचा. पाच मिनिटं रक्त अडेल इतका आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं चार-पाच वेळा. हाताला थोडा वेळ रक्त मिळालं नाही की सगळं शरीर सावध होतं, आणि त्याने मेंदूला मदत होत असावी. होतेच, असं मी म्हणणार नाही." शिवाय म्हणाला, काहींना खरा दाब देतात, काहींना नुसता नावापुरता, आणि कोणाला कुठला ते पेशंटला सांगत नाहीत. तुझा नातू कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "दुखणं डोक्यात आणि पट्टा दंडाला?" मी मात्र डाव्या हाताने वेडीवाकडी सही ठोकून मोकळी झाले. मला तुझी दोरी आठवली होती.

खाडीत तू पाग फेकायचास. बाकीचे त्या जाळ्याची दोरी मनगटात अडकवायचे. तुझ्या मनगटाला जुनी जखम, म्हणून तू ती डाव्या दंडाला गुंडाळायचास. जाळं जड झालं की दोरी रुतत जायची आणि बांधावर येईपर्यंत तुझा हात पांढराफटक पडलेला असायचा. दोरी सोडून तू पंजा माझ्या मांडीवर ठेवतोस, मी तो चोळते आहे. "मुंग्या आल्या का, बाबा?" "थांब गो... आल्या, आल्या. मुंग्या आल्या म्हंजे रगत आलं." मग त्या चावल्याचं सोंग करून तू तोंड वाकडं करायचास, मी तुला वेडावून दाखवायचे, आणि आई दारातून ओरडायची, "दोगंपन येडी हायेत!" एकदा मी तीच दोरी स्वतःच्या दंडाला आवळून मुंग्यांची वाट बघत बसले, तर तू पाठीत धपाटा घातलास. "खेल हाय का ह्यो? हात मेला म्हंजे?" तुझा तेवढा एकच धपाटा मला आठवतो. नंतर तूच निवटे मासे भाजून माझ्या ताटलीत ठेवलेस आणि काटेही काढून दिलेस.

हॉस्पिटलात पहिल्यांदा पट्टा फुगला तेव्हा हात आधी जड झाला, मग माझा राहिलाच नाही. सुटला आणि बोटांच्या टोकांशी वळवळ सुरू झाली. मी मोठ्याने म्हणाले, "आल्या!" नर्स बिचारी दचकली. "काय आल्या, आजी?" आता तिला काय सांगू? मला खरा दाब मिळतोय हे मला कळलं होतं, पण डॉक्टरला बोलले नाही. म्हटलं, त्याचा अभ्यास बिघडायचा. मी एवढंच विचारलं, "माझ्या बापाच्या दंडाला रोज अशीच दोरी आवळायची, मग त्याला का हे झालं?" तो म्हणाला, "आजी, ते काही मोजून-मापून नव्हतं. दोरीने फायदा झाला की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्यांना आणलं होतं कधी?" "तिसऱ्या दिवशी," मी म्हटलं. त्याने पेन खिशाला लावलं. "हे औषधही तेव्हा नव्हतं," असं हळूच म्हणाला. चांगला मुलगा आहे.

तिसऱ्या दिवशी, कारण तुझा हात झोपणं ही घरातली रोजचीच गोष्ट. त्या दुपारी तू बांधावर बसलास आणि म्हणालास, "काय नाय गो, दोरानं हात झोपलाय. उतरंल." आईने ऐकलं आणि ती चिंबोऱ्या निवडायला लागली. संध्याकाळी तू पायही ओढायला लागलास तेव्हा कोणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, म्हणून दोन दिवस तेल चोळलं. त्यानंतर चार वर्षं तू खाटेवर आणि पाग खुंटीला. सगळे म्हणायचे, कोणाला कळणार होतं, त्या दोरीनेच फसवलं. मीही मान हलवायचे.

यंत्र महिनाभरासाठी घरी दिलंय. आत्ता पट्टा सुटला, मुंग्या येताहेत, आणि उजव्या हाताची बोटं पेन घट्ट धरून आहेत. हात परत येतोय, बाबा. फिजिओवालीला मी दुसरं पान लिहून देईन, हे तिला दाखवायचं नाही. कोणालाच दाखवायचं नाही. वहीतून काढून साड्यांच्या खाली ठेवेन.

त्या दुपारी मी तुझा पंजा चोळत होते आणि मुंग्या येत नव्हत्या. वर बघितलं तर तुझं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. सगळ्यांच्या आधी मी बघितलं, आणि मला वाटलं तू सोंग करतोयस. चार वर्षं तुला माझ्या हाताने भरवलं, पण हे कधी सांगितलं नाही. मी जीभ काढून तुला वेडावलं होतं. आणि तू हसलास, बाबा. अर्ध्याच तोंडाने, पण माझ्यासाठी हसलास.