बिनतारखेचा राजीनामा

मंगळवार, संध्याकाळ

सुटलो बाबा! गावातल्या दोन्ही गटांनी उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतलं, तवापासून पहिल्या पाळीच्या बाळूदादाचा सही केलेला, बिनतारखेचा राजीनामा माझ्याच कपाटात होता. दोघांच्याबी भरवशाचा, गावचा गुरुजी ना मी!

आज अडीच वर्षं सरली न् दादा आला. "तो कागद द्या." फाडतो की काय? पण त्यानं गुमान तारीख टाकली न् संगं आलेल्या, समोरच्या गटाच्या अण्णाच्या हातात दिला. कावून एवढा भ्यालतो मी?

मग दोघंबी चहाला थांबले. टीव्हीवर पॅलेस्टाईनच्या दोन भांडणाऱ्या गटांनी मिळून कारभार करायचा करार केल्याची बातमी. आधीचे मोडले, तरी पुन्हा एकदा. लई बरं वाटलं.

दादा म्हणाला, "गुरुजी, ह्यांचे राजीनामे कुणाच्या कपाटात हायेत?"

मी रिकामं कपाट लावून घेतलं. तेवढा मोठा गुरुजी काही आठवंना.