आधी काउंटर घेतला

९ ऑगस्ट १९९८
साखर कारखान्याचे पाटील साहेब आमच्या तेलाच्या दुकानात आले होते. कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांमधल्या वायरलेस सेटची जबाबदारी त्यांच्याकडे असते. सेट जुळवणारे जुने मिस्त्री निवृत्त झाले, हंगामाआधी सगळे सेट तपासून हवेत. आधी दोन देऊन बघणार. अप्पांना म्हणाले, "पोरगी बी.एस्सी. हाय म्हणं. बघूया की." अप्पांनी तेलाचे डबे सरकवून मला टेबलापुरती जागा केली. टेबलावर ठेवायला सध्या फक्त मल्टिमीटर.

१५ ऑगस्ट
सेट तपासायचं सगळं एकातच असलेलं यंत्र मुंबईत जुनं मिळतं. पण ते बिघडलं तर? सुटंच घ्यावं. आधी काय, सिग्नल जनरेटर की फ्रिक्वेन्सी काउंटर? कॉलेजचे सर म्हणाले, "सेट नेमका कुठं बोलतोय ते आधी कळू दे." म्हणजे काउंटर. आणि जुना पॉवर मीटर. अँटेनाच्या जागी लावायचा डमी लोड घरीच केला, रेझिस्टर गार राहावा म्हणून तेलाच्या डब्यात बुडवून. ट्रान्सफॉर्मरचं तेल आणलं तर अप्पा रुसले. "आपल्या शेंगतेलाला काय झालंय?"

२ सप्टेंबर
काउंटर आला. दोन्ही सेट लायसनवरच्या फ्रिक्वेन्सीच्या बरेच खाली. जागेवर आणले, पोचवले. फार छान वाटतंय.

५ सप्टेंबर
पाटील साहेबांचा फोन. "ताई, आधी नीट ऐकू येत हुतं. आता कुरुंदवाड हापिसचा माणूस विहिरीतनं बोलल्यागत. बिघडिवलासा की." जेवले नाही. अव्वा ताट घेऊन टेबलापाशीच बसली. आईच ती.
काउंटरच चुकत असेल? स्वस्तातला. घेतल्यावर तपासला कुठे?

८ सप्टें.
कॉलेजच्या लॅबमधल्या काउंटरशेजारी माझा ठेवला, एकच सेट दोन्हींवर मोजला. फरक शेवटच्या आकड्यापुरता. म्हणजे माझं बरोबर. मग पाटील साहेबांना विचारलं, मिस्त्री कसे जुळवायचे? ते म्हणाले, मुख्य ऑफिसच्या सेटशी बोलत बोलत, कानाला स्वच्छ लागेपर्यंत स्क्रू फिरवायचे. मुख्य सेट वर्षानुवर्षं सरकत गेला असणार, बाकीचे त्याच्या मागोमाग. सगळे मिळून चुकलेत, म्हणून एकमेकांना स्वच्छ ऐकू येतात.

१० सप्टें.
कारखान्यात जाऊन मुख्य सेट मोजला. तसाच खाली. पाटील साहेब आकडे बघत राहिले.
"म्हंजे समदं गाव चुकलंय आणि तुमचे दोनच बरोबर?"
"व्हय साहेब."
"मग ते दोन हुते तसं करा की. समदं काम तुमचंच."
तोंडाशी आलेलं काम. स्क्रू फिरवायला कितीसा वेळ लागतो. पण मग काउंटर घेतला कशाला? म्हटलं, आधी मुख्य सेट दुरुस्त करू, सगळे एकदम आणा. "हंगाम तोंडावर आलाय, ताई." तरी म्हणाले, वर विचारतो.

१५ सप्टें.
निरोप आला. उद्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे काउंटर घेऊन यायचं. "मला बोललासा तेच बोला, भिऊ नका." म्हणजे पाटील साहेबांना पटलंय बहुतेक.
उद्या बोलायचं सगळं अप्पांना म्हणून दाखवलं. "मला ह्यातलं काय कळत न्हाय. पण थांबू नकोस मधी, धाडधाड बोल."
उद्या पुन्हा विचारतील, ते दोन सेट जुन्यासारखे करून देता का. त्याला नाही म्हणायचं, आणि त्याच दमात सगळ्या सेटचं काम मागायचं.