एका बाईटातली बेरीज

ठाकुर्ली,
१४ ऑक्टोबर १९९५

प्रिय गोदाताई,
सप्रेम नमस्कार.

घरी सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण भाजी तिला स्वतःच निवडून आणायची असते. तुम्ही कल्याणला भावाकडे असता, हे आपल्या ऑफिसातल्या आनंदकडून कळलं.

मी इथल्या कॉम्प्युटर क्लासात पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. मेमरी वाचवायच्या युक्त्या मुलांना फार आवडतात. आकडा लहान असेल तर त्याला दोन बाईट जागेऐवजी एकच द्या, मात्र त्यात २५५च्या पुढे मावत नाही. आकडा मावतो का ही तपासणी बंद ठेवली की प्रोग्राम आटोपशीर होतो, पण मग आकडा मावला नाही तरी तो हूं की चूं करत नाही.

चार वर्षांपूर्वी आपल्या ऑफिसने केलेल्या त्या शाळेच्या निकालात हेच झालं. परवा जुनी फ्लॉपी लावली तेव्हा कळलं. तीनशेपैकीची बेरीज मी एका बाईटात कोंबली होती. २६२ गुण झाले की २५६ गळायचे, उरायचे सहा. म्हणून पहिल्या तीन मुलीच नापास! चाचणीसाठी मी मनाने गुण घातले, तेही माझ्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकाच्या बेताने. कोणी २५५च्या वर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परवा नाही, गोदाताई. ते खोटं लिहिलं, पण खोडत नाही. चूक मला त्याच आठवड्यात सापडली. मी बेरजेला दोन बाईट दिले, तुम्ही टाईप केलेले तेच गुण पुन्हा चालवले आणि ऑफिसात हरिहर सरांना सांगितलं, "डेटा नीट केला." त्यांनी तुम्हाला काढलं. डबा पिशवीत भरताना तुम्ही म्हणालात, "अरे उत्तम, मी दोनदा ताडून बघितलेले रे." मी म्हटलं, "होतं असं कधीकधी, ताई." नोकरी जाईल म्हणून घाबरलो. तुमची गेली. आजही लाज वाटते.

सोमवारी वर्गातली सगुणा म्हणाली, "सर, नववीत मी नापास आलेले. कोणा टायपिस्टबाईने घोळ घातलेला." मी फळ्यावर तो प्रोग्राम लिहिला आणि घोळ कोणी घातला ते सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आणि त्या बाई?"

हरिहर सरांना लेखी कळवलंय. नक्कल सोबत आहे, वाटेल त्याला दाखवा. सगुणाला तुम्हाला भेटायचंय. तिला तुमचा पत्ता देऊ का? मी स्वतः मात्र तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुम्ही टाईप केलेला एकही गुण चुकला नव्हता.

तुमचा अपराधी,
उत्तम