दंडाची पट्टी

भोईवाडा, परळ
३ ऑगस्ट २०२५

चि. संघमित्रास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र हातानं लिहून फोटो पाठवतोय. आईचं म्हणणं, फोन ठेवला की संपतो, पत्र उशाखाली राहतं. तिच्या उशाखाली तुझी अकरा पत्रं आहेत, फोटोवरून छापून आणलेली. मी याच घरात राहत असल्यामुळे माझं एकही नाही.

अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढून तू बिनपगारी मलावीला गेलीस, हे चाळीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बत्तीस वर्षं ‘संस्कृतचे सर’ असलेला मी हल्ली ‘सिस्टरचा भाऊ’ झालोय. मासेवाल्या रखमाने काल तुझ्या नावानं एक बांगडा जास्त घातला. खाल्ला, पण पचला नाही. षड्रिपू शिकवताना सहाव्याला, मत्सराला, चांगलं उदाहरण सापडत नसे. आता घरचीच सोय झाली.

तिकडून सुट्टीवर आलेल्या प्रीती सिस्टरबरोबर पाठवलेली पट्टी मिळाली. पोरांच्या दंडाला गुंडाळतेस ती; लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक. आईने लगेच स्वतःला लावून घेतली. साडेएकोणीस सेंटीमीटर, चक्क हिरवं! वर्षावास लागल्यापासून बाई रोज दुपारी बारानंतर जेवत नाही, तरीही. तेव्हा इथली काळजी नको. डिसेंबरात मुदत संपली तरी खुशाल तिकडेच राहा.

लोभ असू दे, उरला असेल तेवढा.
तुझा,
अभयदादा


लिलाँग्वे
४ ऑगस्ट

ती. दादास,
सविनय जयभीम.

अरे, ती पट्टी पाच वर्षांच्या आतल्या लेकरांची! तिच्यावर मोठं माणूस हिरवंच येणार. आईच्या वयाला साडेएकोणीस म्हणजे लालच समज. मला टोमणा मारायला आईचा दंड कशाला वापरलास? उद्याच डॉक्टरांना दाखव. आणि अष्टशील आपण पौर्णिमेला पाळतो, रोज पाळायला हिला कुणी सांगितलं?

तू ‘ये’ म्हणालास तर पुढच्या आठवड्यात निघते, तिकीट धरून ठेवते. फक्त, आईला जिचा फोटो पाठवला होता ती थोको, तीन वर्षांची, माझ्याच हातून खाते. आणि महिनाअखेर इथल्या अधिकाऱ्यांपुढे आणखी दोन आहारकेंद्रं मागायची आहेत, ते कागद मीच केलेत.

रागावले असले तरी माया कमी समजू नकोस.
तुझी,
संघमित्रा


भोईवाडा
७ ऑगस्ट

चि. संघमित्रास,
सप्रेम जयभीम.

चूक माझी. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, खाणं कमी आणि रक्तही कमी. आईला खोदून विचारलं. वर्षावास नुसतं निमित्त; थोकोचा तो फोटो पाहिल्यापासून रात्रीची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नाही. म्हणाली, ते लेकरू उपाशी आणि मी जेवू? माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेत याच माउलीने दोन्ही वेळा जेवून माझ्या ताटातली तळलेली बोंबलाची तुकडीही उचलली होती.

खाली ‘तू ये’ असं तीनदा लिहून खोडलंय. फोटोत दिसेल, पाहू नकोस. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. हे लिहिताना काय होतं ते यादीत सहावं.

तुझा,
दादा


लिलाँग्वे
८ ऑगस्ट

ती. दादास,
सविनय जयभीम.

खोडलेलं पाहिलं. तिकीट अजून धरून ठेवलंय. पण आधी हे करून बघू. माझ्या नोंदवहीत थोकोच्या खाली आईचं नाव घातलंय. दर रविवारी शिवणाची टेप लावून आकडा कळव, मी थोकोचा कळवते. आज ती अकरा पूर्णांक दोन. आईला सांग, तिची मैत्रीण वाट बघतेय.

तुझी,
संघमित्रा


भोईवाडा
२१ सप्टेंबर

चि. संघमित्रास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आज आई वीस पूर्णांक एक. तुझ्या थोकोचे बारा झाल्याचं वाचून दाखवलं, तर बाईचा चेहरा पडला. म्हणाली, एवढीशी कार्टी वाढीत माझ्या पुढे जाते म्हणजे काय? आणि संध्याकाळी सात वाजता दुसरी भाकरी मागून घेतली, वर सुकटीची चटणी. रोग आमच्या घराण्यातच आहे म्हणायचा!

दोन केंद्रं मंजूर झाल्याचं चाळभर मीच सांगत फिरलो. रखमाकडून बांगडे दोन मिळाले. पचले.

तिकीट सोडून दे. मुदत वाढवून घे. हे खोडलेलं नाही, नीट बघ.

एकच मागणं आहे. आज आईची टेप मी माझ्याही दंडाला लावली. एकतीस. कुणी विचारलं नव्हतं. तरी वहीत आईच्या खाली जागा असेल, तर लिहून ठेव.

तुझा,
दादा