विहिरीवरचा दोर

बाबा,

आपल्या बारा घरांच्या ओळीची विहिरीची वही आता माझ्याकडे आली आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतके दिवस थोरल्या पंचांचा मुलगा ती लिहायचा. तो नोकरीला अकोल्याला गेला, म्हणून पंचांनी वही मला आणून दिली आणि म्हणाले, "बापाचं अक्षर तुह्या हाती उतरलं, पोरी. तसंच लिही." तसंच म्हणजे कसं, ते मला कळलं.

शाळेत घालण्याआधीपासून तुम्ही मला याच वहीवर अक्षरं शिकवत होतात, चुलीशेजारी बसून. नियम असा होता: विहिरीतला गाळ काढण्याची वर्गणी प्रत्येक घराने द्यायची, आणि जो देणार नाही त्याचा दोर विहिरीवरच्या खुंटीवरून काढून आपल्याकडे आणायचा. मी नऊ वर्षांची असताना शेवटच्या घरातल्या, शिवणकाम करणाऱ्या विधवा काकूंचा दोर महिनाभर आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला होता. अजून दिसतं: आई त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापते आहे, आणि काकू विहिरीवर रिकामी घागर घेऊन उभ्या आहेत, कुणी ओतेल म्हणून. वहीत काकूंची बाकी लिहिली, त्याच पानावर तिन्ही पंचांच्या नावांपुढे तुम्ही 'भरली' लिहीत होतात. त्यांनी दिली नव्हती. दारोदार तुमच्यासोबत मीच फिरले होते. "पंचाईचे दोर काहून नाही आणले?" मी विचारलं. तुम्ही वर न पाहता म्हणालात, "मी तुले अक्षरं शिकवून राह्यलो, वकिली नाही."

त्याच वर्षी मी वहीत पेन्सिलीने लिहिलं म्हणून बोटांवर पट्टी मारलीत. खोडता येईल ते वहीत लिहायचं नाही, म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी वाशिमच्या बाजारातून माझ्यासाठी शाईत बुडवून लिहायचा टाक आणलात. तो मी अजून वापरते. तुम्ही खोटंही शाईनेच लिहिलंत, हे फार उशिरा मनात आलं.

गेल्या सोमवारी मी थोरल्या पंचांकडे वर्गणी मागायला गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. "आमी गावासाठी वेळ देतो, तो काय फुकटचा हाय?"

"काकूंचा दोर नेला, तेव्हा त्यांचा वेळ कुणी मोजला?"

"तुहा बाप शायना होता," एवढंच म्हणून ते पुन्हा सुपारीकडे वळले.

मी तडक विहिरीवर गेले आणि बायकांदेखत त्यांचा दोर काढून घरी आणला. खिळा तोच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची धाकटी सून रिकामी घागर कडेवर घेऊन विहिरीवर उभी होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "मामाजी कधी पानी भरते काय? दोर तर माहा नेला तुमी."

मी दोर परत दिला. इतकी वर्षं ही शिक्षा बायकांनीच भोगली, आणि ती ठरवणाऱ्यांत तुम्ही होतात. तुमच्यावर रागावून मी तेच केलं.

उद्या मारुतीच्या पारावर सगळ्या घरांसमोर मला वही वाचायची आहे. उरलेल्या दोन पंचांनीही वर्गणी दिली नाही; तिघांच्याही नावांपुढे मी 'बाकी' लिहिलं आहे. हे पत्र वहीच्या पुठ्ठ्यात घालून ठेवते, पाठवायचं तरी कुठे. एक सांगायचं राहिलं. टाक दौतीत बुडवला होता, बाबा, पण ते 'बाकी' मी पेन्सिलीने लिहिलं.