बाईसाहेबांची पहिली नळी

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. कंबर बरी आहे ना? आणि मामींचा गुडघा? दोन्ही ठणठणीत असोत, कारण हे पत्र तुम्हाला बसून वाचावं लागणार आहे आणि तुम्हाला बसवून ठेवायला मामींना उभं राहावं लागणार आहे.

आमच्या संस्थेच्या गोठ्यात काय चाललंय ते मी तुम्हाला नीट समजावलं होतं (तुम्ही मान डोलावत होतात, तेव्हाच मला संशय यायला हवा होता). गायीला शिरेतून कॅफीन द्यायचं, म्हणजे चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य, आणि मग दिवसभर थोडं थोडं रक्त काढून तिचं यकृत ते किती वेगानं संपवतं ते मोजायचं. डोसाआधीच्या पहिल्या नळीत त्याचा मागमूसही नको. बाईसाहेबांच्या (तीच, पांढऱ्या कपाळाची, तुमची लाडकी) पहिल्या नळीत ते भरपूर निघालं! प्रयोगाच्या प्रमुख साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "डोसाआधी गाय कँटीनला जाऊन आली का?" नळ्यांची अदलाबदल मीच केली, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. वर्षभर मी या प्रयोगासाठी राबले, लाथा खाल्ल्या, आणि आता त्यातून माझंच नाव वगळणार आहेत.

परवा मी चहाचा पेला घेऊन गोठ्यातून चालले होते, तर बाईसाहेबांनी दावं ताणून त्यात जीभ घातली आणि तळापर्यंत साफ केला. अगदी सराईतपणे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पहिली नळी काढली त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आलेले तुम्ही, रोज सकाळी पेला घेऊन गोठ्यात 'फिरायला' जात होतात. घरी येऊन सांगायचात, ती माझ्याशी बोलते. बोलेल नाही तर काय करेल? बाहेरच्यांनी जनावरांना काही खायला घालू नये, अशी दारावरच पाटी आहे. (चहा खात नाहीत, पितात, हे तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. ते साहेबांना देऊन बघा.) माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, मामा.

साहेबांना मी अजून तुमचं नाव सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुम्हाला गोठा बंद, नाही सांगितलं तर मला.

तुमची (अजून तरी) भाची

ता. क. सोमवारी या आणि साहेबांना स्वतःच्या तोंडानं सांगा. नंतर रक्त पुन्हा काढायचं आहे, आणि सुई दिसली की बाईसाहेब कुणाला जवळ येऊ देत नाहीत, तेव्हा मान तुम्हीच धरायची. पेला आणा, पण रिकामा.

आणखी एक ता. क. तुम्ही गेल्यापासून ती फाटकाकडे तोंड करून उभी असते. तिचं एक सोडा, ती गाय आहे. आईसुद्धा तशीच उभी असते. राहायलाच या.