तिसरं कुलूप

प्रिय गिरीश,

तुला चेन्नईच्या गाडीत बसवून आले तेव्हापासून गॅस पेटवलेला नाही. मामंजींनी दोनदा कॉफी मागितली, शेवटी स्वतःच करून घेतली. तू मात्र किती खुशीत गेलास. सांबशिव साहेबांनी अखेर माझं म्हणणं मानलं, म्हणालास, आणि मी तुझ्या पिशवीत इडल्या कोंबत राहिले.

तीन आठवडे कंपनीने तुला घरी बसवलं होतं, आणि मला तुझी लाज वाटत होती. तिरुवैयारूच्या लग्नात अंबामावशीने विचारलं, जावई इतके दिवस इथे कसे? रजा आहे, म्हणून मी उडवून लावलं. तू मागेच पंगतीत वाढत होतास. ऐकलंस, तरी माझ्या पानात दोन पापड जास्त टाकलेस.

दुसऱ्या दिवशी मी चिडले, तर तू तव्याशेजारी उभा राहून समजावलंस. विमान उतरलं की इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग आवरणारं ते झाकण हवेत उघडलं तर घात होईल. म्हणून चाकांवर भार आल्याशिवाय त्याला हुकूमच पोचत नाही, आणि वर तीन कुलपं. तिसऱ्याची तार मुद्दाम वेगळी, पहिल्या दोघांना फसवणारा बिघाड त्याला फसवू नये म्हणून. तुमच्या एका विमानात हे तिसरंच उघडं असल्याचा दिवा मधूनच लागत होता. बाकीचे म्हणाले दिवाच बिघडलाय. तू भांडलास, हरकत नोंदवलीस, म्हणून झाकणाला खीळ ठोकूनच ते विमान उडवावं लागलं, आणि तुला घरी बसवलं. मला सगळं कळलं होतं. कळूनही मी पुढचं केलं, याची लाज जास्त आहे.

परवा तू भाजी आणायला गेलास तेव्हा मी साहेबांना फोन केला. म्हटलं, दिवाच बिघडला होता हे आता त्यालाही पटलंय, तोंडावर कबूल करायला शरमतो एवढंच. त्यांनी तुझं काहीही मानलेलं नाही, गिरीश. माझ्या तोंडून तुझी माघार ऐकली आणि तुला बोलावलं.

तुझी हरकत मिटली म्हणून आज दुपारी ती खीळ काढणार आहेत. मघाशी फोनवर साहेबांनीच हे सांगितलं. मी खरं सांगायला गेले, तर हसले, घरच्यांनी यात पडू नये म्हणाले. तुझा खुशीतला आवाज ऐकला तर माझी जीभ उचलणार नाही, म्हणून या कागदाचा फोटो पाठवतेय. वाचलंस की आधी त्यांना फोन कर. बायको खोटं बोलली, असंच सांग. मला नंतर कर, किंवा करू नकोस.

तुझीच म्हणायला आज न धजणारी,
लावण्या